सराव पाठ: ३५ मिनिटांत अंतर्गोल आरसा बसतो का?

नवखडू
बी.एड. दुसरं वर्ष, विज्ञान पद्धती. सोमवारपासून आंतरवासिता (शाळेत राहून शिकवण्याचा सराव) आणि बुधवारी नववीवर पहिला निरीक्षणाचा पाठ. घटक प्रकाशाचे परावर्तन, उपघटक अंतर्गोल आरसा. टाचण (पाठाचा लेखी आराखडा) बारा पानी झालंय: प्रस्तावनेचे पाच प्रश्न, सहा संज्ञा, किरणाकृतीचे नियम, प्रतिमेच्या सहाही स्थिती, उपयोग, गृहपाठ. पट ६२, तास ३५ मिनिटांचा. आजवरचा सराव म्हणजे सूक्ष्म अध्यापन, समोर दहा मैत्रिणी आणि हातात सहा मिनिटं. काय कापू? कापलं तर गुण जातात का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बाक शेवटचं
टाकू की. परावर्तित होऊन नाभीवरच, म्हणजे किरण एकवटतात त्या बिंदूवरच, पडेल याची हमी नाही.

गुंडाळी फळा
आधी ३५ विसरा. अगोदरच्या तासाचे सर दोन मिनिटं उशिरा निघतात, मुलं वह्या बदलतात, फळा पुसायचा असतो, निरीक्षक मागच्या बाकावर स्थिरावतात. हातात २८ धरा. शनिवारच्या अर्ध्या शाळेत तास ३० चा होतो, तेव्हा २३.

सहा स्थितींच्या सहा आकृत्या एका तासात कधीच होत नाहीत. एक किरणाकृती फळ्यावर नीट काढायला चार मिनिटं, मुलांना वहीत उतरवायला आणखी तीन. सहाचे झाले ४२. म्हणजे इतर काहीही न करता तुम्ही तासाबाहेर. त्या उपघटकाचे तीन पाठ पाडा. पहिल्यात संज्ञा आणि दूरच्या वस्तूची प्रतिमा, दुसऱ्यात किरणाकृतीचे नियम आणि दोन स्थिती, तिसऱ्यात उरलेल्या स्थितींचा तक्ता आणि उपयोग. बुधवारी फक्त पहिला.

गुणांचं म्हणाल तर कमी आशयाला गुण जात नाहीत. घंटा झाल्यावर संकलन (शेवटची उजळणी) उरकलं की जातात.

चिमटा
गुंडाळी फळा यांच्याशी सहमत, पण रोग वेगळा आहे. बारा पानी टाचण निरीक्षकासाठी लिहिलेलं असतं, वर्गासाठी नाही. प्रस्तावनेचे ते पाच प्रश्नच बघा. "सकाळी उठल्यावर तुम्ही कशासमोर उभे राहता?" "आरशासमोर." "आरशात काय दिसतं?" "चेहरा." असं करत करत पाचव्या प्रश्नाला ६२ मुलांच्या तोंडून घटकाचं नाव वदवायचं. पुढच्या बाकावरचा एक जण पहिल्याच प्रश्नाला "प्रकाशाचं परावर्तन" म्हणून मोकळा होतो, कारण तो धडा शिकवणीत कधीच झालेला असतो. मग उरलेले चार प्रश्न घेऊन बाई उभ्या.

गुंडाळी फळा
तो दोष प्रस्तावनेचा नाही, प्रश्नांचा आहे. ज्याचं उत्तर एकच शब्द आहे तो प्रश्न आधी फुटणारच. स्टीलच्या डावाच्या आतल्या बाजूत पाहिलं तर चेहरा कसा दिसतो, बाहेरच्या बाजूत कसा, हे विचारा. डाव हातात द्या. उलटा आणि सुलटा हे उत्तर शिकवणीत पाठ झालेलं नसतं, ते पाहावं लागतं. ही प्रस्तावना दोन मिनिटांत संपते आणि पाठाचा अर्धा प्रश्न त्यातच उभा राहतो.

कृष्णाकाठ
प्रस्तावनेपासून सुरू होणाऱ्या टाचणातल्या पायऱ्यांचं मूळ जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टकडे (१७७६–१८४१) जातं, पण आपण घोकतो त्या पाच पायऱ्या त्याच्या स्वतःच्या नाहीत. त्याच्या चार होत्या. त्याच्या अनुयायांपैकी त्सिलरनं पहिलीचे दोन भाग केले, राइननं आज ओळखतो ती नावं दिली: तयारी, प्रस्तुती, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. आपल्या टाचणात प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन आणि शेपटाला गृहपाठ. गंमत म्हणजे तुलना आणि सामान्यीकरण विवेचनाच्या रकान्यात असे विरघळले की बहुतेक टाचणांत सापडतच नाहीत. मुलांकडून नियम काढून घेण्याची जागा नेमकी तीच होती.

बाक शेवटचं
हेतुकथन राहिलं. "तर विद्यार्थी मित्रांनो, आज आपण अंतर्गोल आरशाचा अभ्यास करणार आहोत." हे वाक्य निघालं की मागे चार पेनं एकदम चालतात.

तासिका आठवी
शाळेच्या बाजूनंही थोडं लिहायला हवं. विषय शिक्षकाचं मुख्य गाऱ्हाणं पोर्शनचं असतं. सहामाहीच्या तोंडावर वर्ग दुसऱ्याच्या हाती द्यायचा, आणि पाठ कच्चा राहिला तर पुन्हा शिकवायचा. म्हणून आधीच्या आठवड्यात तीन गोष्टी विषय शिक्षकाला समोर बसून विचारा. धडा वर्गात कुठवर झालाय? वहीत उत्तरं कोणत्या पद्धतीनं लिहून घेतात? अडून बसणारी पाच-सहा मुलं कुठे बसतात? तिसऱ्याचं उत्तर घेऊन बैठकीचा नकाशा काढा आणि नावं लिहून घ्या. "ए, निळी बाटलीवाला" म्हणून मूल गप्प होत नाही, नावानं होतं.

निरीक्षक मागे बसलेले असताना वर्ग शहाण्यासारखा वागतो, त्यावर विसंबू नका. खरा वर्ग त्याच दिवशी दुपारी बदली तासाला भेटतो.

चिमटा
बदली तासाचं निघालंच आहे तर. बी.एड.साठीच्या २०१४ च्या नियमावलीनं आंतरवासिता २० आठवड्यांची झाली, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. हेतू चांगला. पण १६ आठवडे शाळेत असलेला माणूस म्हणजे रजेवरच्या प्रत्येक शिक्षकाचा हक्काचा बदली, असा अर्थ बऱ्याच स्टाफरूमनी काढलाय.

तासिका आठवी
चिमटा, मान्य. पण बदली तास फुकट घालवू नये. टाचण नाही, निरीक्षक नाही, प्रश्न विचारायचा सराव यासारखा दुसरीकडे मिळत नाही.

नवखडू
सगळ्यांना धन्यवाद. आता नवी शंका. प्रयोगशाळेत १०, १५ आणि २० सेमी नाभीय अंतराचे (आरशापासून नाभीपर्यंतचं अंतर) आरसे आहेत. खिडकीची प्रतिमा कागदावर घ्यायची म्हणते. कोणता नेऊ? काल घरी कागद धरला तर काहीच उमटेना.

भूमिती पेटी
उमटणार कसं, तुम्ही अख्खा कागद धरला असेल. अंतर्गोल आरशाचा पडदा आरशासमोर येतो, म्हणजे वस्तूच्याच बाजूला. ए-फोर कागद धरला की खिडकीकडून येणारा प्रकाशच अडतो आणि आरसा तुमच्या कागदाच्या सावलीत जातो. जाड पांढऱ्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी कापा. आरसा किंचित तिरपा करा, म्हणजे प्रतिमा समोरून थोडी बाजूला पडेल, आणि पट्टी तिथे धरा. पट्टी आरशाजवळून हळूहळू लांब न्या. साधारण नाभीय अंतरावर खिडकीचे गज एकदम रेखीव होतात.

आरसा २० चाच न्या. खिडकी चार फूट उंच आणि पाच मीटरवर असेल तर २० सेमीच्या आरशात प्रतिमा सुमारे पाच सेमी येते, १० सेमीच्या आरशात जेमतेम अडीच. मागच्या बाकाला अडीच सेमी म्हणजे डाग.

दोन सावधगिऱ्या. उभं राहायचं खिडकीच्या समोरच्या भिंतीशी, जिथे वर्ग सर्वांत अंधारा असतो. बाकीच्या खिडक्या लोटून घ्या आणि ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर प्रतिमा पट्टीवर असूनही धुवून निघाल्यासारखी दिसते. दुसरं, पाच मीटर म्हणजे अनंत अंतर नव्हे. मोजलं तर पट्टी २० वर नाही, पावणेएकवीसच्या आसपास येईल. हुशार मूल मोजपट्टी लावून विचारतंच. "चूक आहे" म्हणून झटकू नका, दूरचं झाड घेतलं की आकडा २० कडे सरकतो हे दाखवा.

बाक शेवटचं
आणि त्या खिडकीतून ऊन थेट येत असेल तर एक कलाकार ते पुढच्याच्या मानेवर एकवटणार.

भूमिती पेटी
विनोद नाही हा. थेट ऊन येणारी खिडकी घ्यायचीच नाही. आरशातला सूर्य कुणी पाहायचा नाही, हे वाटपाच्या आधी सांगायचं. वाटपानंतर ऐकायला कुणी रिकामं नसतं.

सुईदोरा
मेणबत्तीचा प्रयोग टाचणात असेल तर काढा. पंखा चालू ठेवला तर ज्योत राहत नाही, बंद केला तर ६२ मुलं घामेजतात. मोबाइलची टॉर्च घ्या. तिच्यावर कार्डशीटचा तुकडा, त्यात अक्षर कापलेलं, मागून ट्रेसिंग पेपर चिकटवलेला म्हणजे उजेड सारखा पसरतो. २० सेमीच्या आरशापासून टॉर्च ३० वर ठेवली की प्रतिमा ६० वर, दुप्पट आकाराची. दीड सेमीचं अक्षर तीन सेमीचं होतं.

अक्षर निवडताना प घेऊ नका, त्याचं पोट गळून पडतं. त घ्या. त मध्ये चहूबाजूंनी बंद जागा नसते, कापताना काही सुटत नाही. पट्टीवर शिरोरेषा खाली आलेली दिसली की प्रतिमा उलट आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

कृष्णाकाठ
त कापायची युक्ती झकास. वाचनखूण साठवली.

भाषाभगिनी
मी मराठी अध्यापन पद्धतीची, आरशातलं कळत नाही, पण प्रश्नांबद्दल बोलते. सराव पाठात प्रश्न विचारून शिक्षक एका सेकंदात स्वतःच उत्तर देतात किंवा पहिल्या वर गेलेल्या हाताला उभं करतात. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं वर्गांत मोजून दाखवलं होतं की शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब आणि विचार केलेली येतात. तीन सेकंद उभ्या माणसाला फार वाटतात. मनात "एक आंबा, दोन आंबे, तीन आंबे" म्हणा.

क्रमही तोच ठेवा: आधी प्रश्न, मग थांबणं, शेवटी नाव. "रोहित, नाभी म्हणजे काय?" असं म्हटलं की उरलेल्या ६१ जणांची सुटी. आणि एकसुरी समूहउत्तर आलं की त्यातून कुणाला कळलंय ते कधीच समजत नाही.

कवितेच्या पाठाला मात्र हे सगळं जपून. आदर्श वाचनानंतर लगेच शब्दार्थांचे प्रश्न सुरू केले की कविता तिथेच मेली.

सेमीकोलन
कुणी विचारलंच नाही: नववी सेमी-इंग्रजी आहे का? सेमी असेल तर पुस्तक इंग्रजीत, बोलणं मराठीत. तुम्ही नाभी, ध्रुव, वक्रता केंद्र म्हणाल आणि मुलं फोकस, पोल, सेंटर ऑफ कर्व्हेचर शोधत बसतील. वास्तव आणि आभासीचं रिअल, व्हर्च्युअल. फळ्याच्या उजव्या कडेला पट्टा आखून नवी संज्ञा आली की तिथे लिहा आणि तासभर पुसू नका. एका पाठात दोन्ही भाषांतल्या बारा संज्ञा झाल्या तर बारा खूप झाल्या. पाच ठेवा: ध्रुव (आरशाचा मध्य), वक्रता केंद्र (आरसा ज्या गोलाचा भाग त्याचं केंद्र), मुख्य अक्ष (या दोहोंतून जाणारी रेषा), मुख्य नाभी, नाभीय अंतर. वक्रता त्रिज्या नाभीय अंतराच्या दुप्पट, हे पुढच्या पाठात.

नवखडू
सेमीच आहे. वाचवलंत.

गुंडाळी फळा
सेमीकोलन यांनी फळ्याचा विषय काढलाय म्हणून. वरच्या ओळीत दिनांक, विषय, इयत्ता व तुकडी, पट आणि उपस्थिती. घटकाचं नाव हेतुकथनानंतरच लिहायचं, आधी लिहिलं की प्रस्तावना गेली. फळ्याचे तीन भाग पाडा: डावीकडे मुद्दे, मध्ये आकृती, उजवीकडे संज्ञा. मागच्या बाकाला दिसायला अक्षर दोन-अडीच इंच हवं. ते घरच्या भिंतीवर कागद लावून लिहून बघा, नाहीतर हात वहीच्या अक्षरावरून निघतच नाही.

खडू किंचाळतो तो काटकोनात धरल्यामुळे. अर्धा मोडा, तिरका धरा. फळा वरून खाली पुसा, आडवा पुसला की भुकटी पहिल्या बाकावर उडते. गुंडाळी फळ्यावर आकृती घरून काढून नेत असाल तर तो बांधून न्या आणि टांगायला सुतळी व दोन क्लिपा सोबत ठेवा. वर्गात खिळा असतोच असं नाही. तक्ता गरज लागेपर्यंत उलटा ठेवा. उघडा टांगला की मुलं तुम्ही न शिकवलेला भाग वाचत बसतात.

भूमिती पेटी
आकृतीबद्दल एक. कंस हातानं काढू नका, सुतळीला खडू बांधा, लांबी ८० सेमी. केंद्रापासून काढलेला तो कंस म्हणजे आरसा, मग नाभी ध्रुवापासून ४० वर. वस्तू १२० वर उभी केली की प्रतिमा ६० वर, निम्म्या उंचीची, वक्रता केंद्र आणि नाभीच्या मध्ये. वस्तू १२ सेमीपेक्षा उंच काढायची नाही. हौसेनं ३० सेमीची बाहुली काढली की तिच्या डोक्यावरून निघालेले तीन किरण एका बिंदूत भेटत नाहीत. ती चूक तुमची नसते, गोलीय आरशाची असते: कडेवरचे किरण नाभीच्या अलीकडे वळतात. पण फळ्यावर निरीक्षकासमोर ते समजावत बसण्यात अर्थ नाही.

ही आकृती दुसऱ्या पाठाची. बुधवारी काढू नका.

चिमटा
उद्दिष्टांवर कुणी बोललंच नाही. "विद्यार्थ्यांना अंतर्गोल आरशाचे ज्ञान मिळते, आकलन होते." हे लिहिलं की ते तपासायचं कसं? स्पष्टीकरणात (उद्दिष्ट साधलं हे दाखवणारी मुलाची कृती) क्रियापद असं हवं की मूल ते करताना दिसेल. नाभीय अंतराची व्याख्या सांगतो. अंतर्गोल आणि बहिर्गोल यांतला फरक सांगतो. दिलेल्या आरशाचं नाभीय अंतर मोजतो. ब्लूमची उद्दिष्टांची वर्गवारी १९५६ ची, सुधारित २००१ ची, सगळे पाठ म्हणतात. पण टाचणात आठ स्पष्टीकरणं आणि संकलनात दोन प्रश्न, असा हिशेब रोज दिसतो. जेवढी स्पष्टीकरणं तेवढे तपासणारे प्रश्न. प्रश्न सुचत नसेल तर ते स्पष्टीकरण खोडा. बारा पानांची सहा आपोआप होतात.

कृष्णाकाठ
हे सोन्याच्या अक्षरात. फक्त खडूनं लिहू नका.

टीईटीग्रस्त
अवांतर: एवढं करून पुढे टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) दीडशे गुणांची, त्यात खुल्या गटाला ९० हवेत, मग अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल. सराव पाठाचा यातल्या कशाशीही संबंध नाही.

तासिका आठवी
नोकरी लागल्यावर संबंध येतो. धागा भरतीकडे नेऊ नका, त्यासाठी दुसरे आहेत.

नवखडू
तर बुधवारचं असं ठरवलंय. डावाची प्रस्तावना ३ मिनिटं. हेतुकथन, फळ्यावर घटक. आरसा दाखवून ध्रुव, वक्रता केंद्र आणि मुख्य अक्ष ६ मिनिटांत. मग खिडकीची प्रतिमा, आठ गटांत, १० मिनिटं. त्यातून मुख्य नाभी आणि नाभीय अंतर मुलांकडून काढून घ्यायचं, ४ मिनिटं. संकलनाला चार प्रश्न. गृहपाठ: घरातल्या पाच चकचकीत वस्तूंत चेहरा उलट दिसतो की सुलट, याचा तक्ता. त असलेली टॉर्च राखीव, आभाळ भरलेलं असेल तर. २० सेमीचे आरसे आठ आहेत का, सोमवारी बघते.

गुंडाळी फळा
उत्तम. गटकार्याला १० लिहिलंत, ती १३ होतील. संज्ञांच्या ६ मधून २ काढून ठेवा. वर्ग मागे बोलत असताना संकलन सुरू करू नका, गट मोडून बाकांवर बसवायला पूर्ण मिनिट जातं, ते टाचणात धरलेलं नाही.

सुईदोरा
आठ नसतील तर २० चे चार आणि १५ चे चार चालतील. उलट बरंच: दोन गटांची पट्टी वेगळ्या अंतरावर का थांबली, हा प्रश्न मुलंच विचारतील. प्रत्येक आरशाच्या पाठीवर आकडा मात्र लिहू नका, नाहीतर मोजायच्या आधीच उत्तर वहीत पडतं. कागदी टेपनं झाका.

तासिका आठवी
आणि आठ दिलेत तर आठ मोजून परत घ्या. घंटेच्या आधी, नंतर नाही. मधली सुटी लागली की आरसा कुणाच्या खिशात गेला ते ब्रह्मदेवालाही सापडत नाही, आणि प्रयोगशाळेच्या वहीवर सही तुमची असते.